तो चौथा कुणाचा?

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. गावाकडं, माजलगावला, चिंचेखालच्या हडळीचा आवाज काढून पोरांना पळवायचो तो मीच! त्यामुळं पुढचं वाचून हसू आलं तर खुशाल हसा... मीपण हसतच सांगतोय.

मी मोशीत राहतो, चाकणला कंपनीत आहे. आम्ही तिघं एकाच गाडीतून जायचो. गाडी दत्ताभाऊंची, ते मूळचे मोशीचेच. त्यांच्या शेजारी स्टोअरमधला प्रशांत, मागं मी एकटा, ऐसपैस.

एक दिवस भाऊ म्हणाले, "सोमवारपास्नं चौथा पायजे. न्हाई मिळाला तर मी आपला बाईकवर. तिघांसाठी एवढं धूड ट्रॅफिकमधनं कशाला वढू?"

माझी टरकली. मी अजून कायम झालो नव्हतो. बसच्या नादात लेट मार्क लागले की घरचा रस्ता!

लागलो माणूस शोधायला. एक म्हणाला, "ओव्हरटाइम लागला तर परत कसा येऊ?" दुसरा — "दुसऱ्याच्या गाडीत त्याचीच गाणी ऐकावी लागतात राव." तिसऱ्याची बायको आतूनच ओरडली, "लोक म्हणतील, स्वतःची घ्यायची ऐपत नाही!" क्वालिटीतली शीतल तर सरळ म्हणाली, "तीन पुरुषांच्या गाडीत? नको." कॅन्टीनमध्ये मी सगळ्यांच्या नकला करून दाखवल्या. लोक पोट धरून हसले. आलं कुणीच नाही.

सोमवारी सकाळी मोशीच्या चौकात आमच्याच कंपनीचा शर्ट घातलेले एक काका उभे. भाऊंनी गाडी थांबवली, मी दार उघडलं, काका बसले. "चला पोरांनो!"

माणूस म्हणजे नुसती धमाल. प्रशांतच्या डब्यातली भाजी वासावरून ओळखायचे, सिग्नलला भाऊंची खेचायचे. गेटच्या आत उतरले की गर्दीत गडप. आठवडा मजेत चालला होता, आणि शुक्रवारी काका चौकात नाहीत.

भाऊ प्रशांतला म्हणाले, "फोन लाव की तुझ्या काकाला."

"माझ्या? मला वाटलं ह्याचे आहेत!"

दोघं माझ्याकडं बघायला लागले.

"ओ भाऊ, मला वाटलं तुमचे! मोशीचे म्हणून!"

"माझा आसता तर फुडं नसता का बसवला?"

बरं, नाव? एकदा 'काका' म्हटलं की नाव कोण विचारतं... गेटवरचा वॉचमन रोज काचेतून आत डोकावतो. त्याला विचारलं.

"कोण काका? तुमी तिघंच आस्ता की. आन् तू मागं एकटाच खिदळत आस्तो."

भाऊंनी गाडी आत घेतली. शेवटी भाऊ म्हणाले, "काय का आसंना, चौथा गेला. सोमवारपास्नं बाईक."

लंचला मी तोंड पाडून बसलो होतो, तर शीतल आली. "तुमच्या गाडीत जागा आहे का?"

"तू तर नको म्हणालीस!"

"अरे, मी रोज मागून स्कूटीवर येते. तुमच्यातले ते काका हसवत असतात ना सगळ्यांना... घरी सांगितलं, वडीलधारं माणूस आहे. आई लगेच हो म्हणाली."

म्हटलं, खोटं नको. "काका आता येत नाहीत गं."

ती म्हणाली, "बरं. तुम्ही कसे वागता ते तर बघितलंच की. येते मी. पण मला खिडकी पाहिजे."

खिडकी दिली. गाडी चालू राहिली, मी पुढं कायमही झालो. पण वॉचमनला दिसले नाहीत ते काका शीतलला कसे दिसले, हे आम्हाला आजवर उलगडलेलं नाही. तुम्हाला सुचलं तर सांगा. फक्त भास झाला म्हणू नका राव... भासाला मी रोज दार उघडून दिलंय, आणि तो दरवेळी म्हणायचा, "सरक की जरा!"