गुहेतली पिंड आणि भाऊंची यादी

महापालिकेची निवडणूक जवळ आली की आमच्या दापोडीत भक्ती उफाळून येते आणि बसगाड्या भरतात. इच्छुक उमेदवार बायकांना फुकट देवदर्शन घडवतो. बायका यादीवर नाव, पत्ता, मोबाइल लिहून सही करतात आणि ती यादी दाखवून तो पक्षाकडे तिकीट मागतो. आमच्या भाऊंनी या वेळी थेट आंध्रातल्या चुनखडीच्या गुहेची सहल काढली, कारण आत ठिबकणाऱ्या पाण्यानं आपोआप घडलेल्या पिंडी आहेत. बायकोचं नाव यादीत होतं. तिचे गुडघे दुखतात, म्हणून सोबतीला मी. चाकणच्या कंपनीत उभा जन्म सुटे भाग तपासून निवृत्त झालेला माणूस, आता देव तपासायला.

बसवर भाऊंचा फोटो देवाच्या फोटोपेक्षा मोठा होता. भाऊ स्वतः आले नाहीत. नारळ फोडून, झेंडा दाखवून घरी गेले. मागे त्यांचा एक माणूस, गळ्यात भगवं उपरणं, हातात यादी.

गुहा मात्र खरोखर सुंदर होती. काळ्या कातळावर पोसलेल्या माझ्या डोळ्यांना दगड इतका दुधाळ, इतका ओला असू शकतो हे ठाऊक नव्हतं. वाटाड्या रोजंदारीवरचा. मोडक्या हिंदीत त्यानं कथा सांगितली. एका राजानं इथली पिंड तोडून नेली, तर राज्यातल्या विहिरी आटल्या. त्यानं ती परत आणली, पण दगड काही जुळेना. मग राजा मरेपर्यंत इथंच बसून ओंजळीनं तिच्यावर पाणी घालत राहिला. "हाथ नहीं लगाना," वाटाड्या म्हणाला.

भाऊंच्या माणसानं हात जोडून कपाळाला टेकवले. "लई जागृत हाय राव! अशीच पायजे आपल्या मंदिराला."

मी हसलो. फक्त हसलो, याचा राग मला आजही येतो.

दोन वळणांनंतर मागं कट्‌ असा आवाज झाला. मग तो माणूस धापा टाकत आला आणि उपरण्यात गुंडाळलेलं काहीतरी बायकोच्या पिशवीत सारत म्हणाला, "काकू, धरा जरा, प्रसाद हाय."

आम्ही बाहेर चहा घेत होतो तेव्हा शेवटची फेरी मारताना तुटलेली पिंड पाहून वाटाड्या पळतच फाटकाशी गेला. तिथल्या मुकादमानं फाटक लावून घेतलं. बायकोनं पिशवीत हात घातला, उपरणं सोडलं आणि वीतभर पांढरा दगड मुकादमाच्या टेबलावर ठेवला. ती रोज दोन तास पूजा करते. माझ्या आधी तीच उठली.

"काकू, भाऊंच्या मंदिरासाठी होता ओ," माणूस कुजबुजला.

"तुझ्या भाऊला म्हणावं, आधी विहीर खण. आटवायला तरी होईल."

पण मुकादम वाटाड्यावरच उखडला. "पैसा खाके तूने ही तोडने दिया. कल से मत आना." वाटाड्या त्या दगडाकडे बघत राहिला.

मी भाऊंच्या माणसाला म्हणालो, "तुम्ही तोडला हे लिहून द्या."

"काका, इलेक्शन हाय. भाऊंच्या इमेजचं बघा ना."

कंपनीत खराब माल निघाला की त्यावर तपासणाऱ्याची सही लागायची. कुणाच्या हातून बिघडला तेही लिहावं लागे. मी त्याच्या हातातली यादी ओढली, उलटी केली आणि हिंदीत लिहिलं, की पिंड आमच्या सहलीच्या प्रमुखानं तोडली, वाटाड्यानं बजावलं होतं. खाली सही केली. बायकोनं केली. मग एकेक करून बसमधल्या साऱ्या बायकांनी केली. सह्या करायचा सराव भाऊंनीच दिला होता.

मुकादमानं कागद दोन्ही बाजूंनी वाचला. मागच्या नावांशी पुढच्या सह्या ताडून पाहिल्या, घडी घालून खिशात टाकला आणि वाटाड्याला म्हणाला, "सुबह टाइम पे आ."

"अहो, यादी!" भाऊंचा माणूस फाटकाला धरून ओरडला. "यादी तरी द्या राव! भाऊ जिवंत सोडायचे न्हाईत मला."

कुणी वळून पाहिलं नाही. वाटाड्या दगड दोन्ही हातांत धरून परत आत निघाला होता. जुळणार नाही हे त्यालाच सगळ्यांत चांगलं ठाऊक होतं.