रिक्षाच्या कॅसेटमधली घरघर

सुताला खळ लावायच्या एका सायझिंगमध्ये मी कारकून होतो. नव्वदच्या दशकाच्या शेवटी ती बंद पडली, तेव्हा मी तिशी ओलांडली होती आणि एकटाच राहत होतो. आई-वडील गेलेले, बहीण लग्न होऊन लांब. निजामपुऱ्यात तळमजल्याला आमची खोली होती. पलीकडच्या भिंतीला लागून लूमचा कारखाना. तो चालू असला की तांब्यातलं पाणीसुद्धा थरथरायचं.

विहारातल्या कार्यक्रमांचं सूत्रसंचालन मी बरीच वर्षं केलं होतं. ते ऐकलेल्या एका साडीवाल्यानं विचारलं, "रिक्षावर लावायला सेलची कॅसेट करून देशील का?" मी हो म्हटलं. एका कॉम्प्युटर क्लासनं काढून टाकलेला जुना कॉम्प्युटर घेतला, एक छोटा माईक घेतला. कॉम्प्युटरवर चुकलेलं कापता यायचं, मागं संगीत घालता यायचं, मग सगळं कॅसेटवर उतरवायचं.

पहिली कॅसेट ऐकून साडीवाला म्हणाला, "बोलतोस झकास. पण मागं हे काय घरघरतंय? दुकान साड्यांचं हाय, पिठाच्या गिरणीचं न्हाय."

मला वाटलं, लूमचाच आवाज. शुक्रवारी कारखान्याला सुट्टी, म्हणून शुक्रवारपर्यंत थांबलो. गल्ली गप्प झाली, पण हेडफोन लावला तर घरघर तशीच. पंखा बंद केला. ट्यूबलाइट बंद केली. माईक मॉनिटरपासून लांब, आईच्या शिलाई मशीनवर नेऊन ठेवला. थोडा फरक पडला. तरी डबीत भुंगा कोंडल्यासारखा एक आवाज काही जाईना.

एकदा बोलता बोलता माझा हात कॉम्प्युटरच्या पत्र्यावर टेकला आणि भुंगा एकदम दबला. हात उचलला, पुन्हा सुरू. पत्र्याला हात लावला की बोटांना बारीक मुंग्या यायच्या. तरी पुढचे काही दिवस मी डावा हात पत्र्यावर ठेवूनच "या या, लवकर या" असं माताभगिनींना बोलावत राहिलो. मग एक दिवस कोपरापर्यंत झणका बसला आणि मी घाबरलो.

शेजारच्या कारखान्यात एक म्हातारा वायरमन होता. मुलुख उत्तरेकडचा, घरदार तिकडेच. इथं तो कारखान्याच्या पोटमाळ्यावर राहायचा. सगळे त्याला चाचा म्हणायचे. शुक्रवारची नमाज आटोपून तो येत होता, तेव्हा मी त्याला गाठलं. तो आला. त्यानं बल्बला दोन वायरी जोडलेला आपला तपासायचा दिवा काढला, प्लगच्या भोकांत वायरी घालून बघितल्या आणि हसला.

"भाई, अर्थिंग ही नहीं है. तीसरा छेद खाली दिखाने का है."

खोलीमागच्या मोरीजवळ जमीन कायम ओली असायची. घरमालकाला विचारून तिथं आम्ही खड्डा खणला. एका शुक्रवारी खणला, दुसऱ्या शुक्रवारी पाइप पुरला, त्याच्याभोवती मीठ आणि कोळसा भरला, तिसऱ्या शुक्रवारी वायर आत आणली. काम असं हळूहळू चाललं, कारण मध्ये मध्ये चहा व्हायचा. चाचा त्याच्या गावच्या विहिरीबद्दल सांगायचा, बायकोच्या गुडघ्यांबद्दल सांगायचा. आल्या आल्या पहिला प्रश्न ठरलेला, "खाना खाया?" हे मला कित्येक दिवसांत कुणी विचारलं नव्हतं.

वायर जोडली आणि भुंगा गेला. चाचा निघून गेल्यावर मी नुसतंच, काही न बोलता, दोन मिनिटं रेकॉर्ड करून ऐकलं. घड्याळाची टिकटिक होती, माझा श्वास होता, आणखी काही नव्हतं. खोलीत मी एकटा आहे हे मला माहीत होतंच. पण ते असं कानात घालून कुणी ऐकवलं नव्हतं. मी हेडफोन काढून ठेवला आणि उगाच बाजारात जाऊन आलो.

पुढच्या शुक्रवारी चाचा आला नाही. येईल कशाला, काम झालं होतं. तरी मी दोन कप चहाचं आधण ठेवलं आणि दोन्ही कप मीच प्यायलो. त्याच्या पुढच्या शुक्रवारी कारखान्याच्या दारात जाऊन म्हणालो, "चाचा, थोडी आवाज अभी भी आती है." धडधडीत खोटं.

तो आला. हेडफोन लावून डोळे मिटून बराच वेळ ऐकत बसला. मग त्यानं माझ्याकडे बघितलं, चुलीजवळच्या एकुलत्या एका ताटाकडे बघितलं.

"हाँ, है तो," तो म्हणाला. "हल्की-सी है. ये एक दिन में नहीं जाएगी."

त्यानंतर दीडेक वर्ष तो जवळजवळ दर शुक्रवारी आला. दिवा पिशवीत आणायचा, बाहेर कधी काढला नाही. आम्ही खिचडी करायचो, तो भाजी चिरायचा, मी नवी कॅसेट ऐकवायचो. "'भव्य' ज़रा ज़्यादा हो गया," असं काहीतरी सांगायचा.

मग त्याच्या शेठनं लूम विकायला काढले. मी एका दुकानाच्या कॅसेटी पोचवायला काल्हेरला गेलो होतो. संध्याकाळी परतलो तर शेजारच्या काकू म्हणाल्या, "तुझा चाचा आलता. ट्रंक घेऊन. अर्धा तास पायरीवर बसला, मग गाडीची वेळ झाली म्हणून गेला."

"काही बोलला?"

"तुला जेवण वेळेवर करायला सांगितलंय."

मी तसाच कारखान्याकडे धावलो. दारात ट्रक उभा होता, सुटे केलेले लूम त्यात चढवत होते. वॉचमनला चाचाचा पत्ता विचारला. त्याला जिल्ह्याचं नाव तेवढं ठाऊक होतं. आत कुणाला माहीत असेल म्हणून त्यानं हाक मारून विचारलं. एकानं नकारार्थी मान हलवली, दुसरा म्हणाला, तो सगळ्यात जुना होता, त्याचं गाव कुणी विचारलंच नाही. विहिरीचं, गुडघ्यांचं सगळं ऐकूनही मीसुद्धा विचारलं नव्हतं. ट्रक भरेपर्यंत मी तिथंच उभा राहिलो.