तिसरा पट्टा

आमच्या थोरल्या साडूंइतका शंकेखोर आणि त्याच वेळी इतका विश्वास टाकणारा माणूस अख्ख्या कोल्हापुरात दुसरा झाला नसेल. हे मी फार पूर्वीच लिहायला हवं होतं. त्यांच्याविषयी चार ओळी लिहा, असं घरच्यांनी किती वेळा सुचवलं आणि मी दर वेळी कधी चष्म्याचं, कधी पाठीचं निमित्त काढलं. त्यांच्याबद्दल लिहायचं तर माझ्याबद्दलही लिहावं लागतं, ते मी टाळत होतो. आता मीच ऐंशीच्या घरात आहे. यापुढे टाळणं परवडणारं नाही.

साडू मूळचे हुपरीचे. घरात पैंजणांचं काम. भाऊ चांदीला डाक देत, म्हणजे सांधे जोडत बसले आणि हे शहरात येऊन सरकारी कचेरीत कारकून झाले, पण डाक देण्याची खोड हातातून गेली नाही. संध्याकाळी कचेरीतून आले की सदरा खुंटीला आणि सोल्डरिंगची कांडी हातात. घुंगरू बसवावं तसा एकेक टाका ते बसवायचे. कचेरीत त्यांनी आयुष्यभर काय केलं ते कुणाला आठवत नाही, घरात काय केलं ते गल्लीला पाठ होतं. त्यांनी पाण्याच्या टाकीला एक डबी बसवली होती, टाकी भरली की त्यातून आरतीची धून वाजायची. ती ऐकून शेजारच्या चार घरांतली माणसं आपापली मोटर बंद करायला उठत. एकदा धून मधेच अडकून एकच सूर काढत बसली, तेव्हा साडूंच्या आधी शेजारीण दारात हजर. "अवो, आरती पुढं सरकंना झालीया. पाणी भरलं म्हणायचं का न्हाय?"

त्यांच्या या उद्योगात सगळ्यात जास्त लागायचा तो रेझिस्टर. तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा तुकडा, विजेला किती अडवायचं ते ठरवणारा. त्याचा आकडा अंगावरच्या रंगीत पट्ट्यांवरून वाचायचा. पहिले दोन पट्टे म्हणजे आकडे, तिसरा म्हणजे पुढची शून्यं. तपकिरी असेल तर एक शून्य, लाल असेल तर दोन. मला हे त्यांनीच शिकवलं, आणि शिकवताना दर वेळी बजावलं, "पावणं, रूप बघून उचलू नका. समदे भाऊ भाऊच दिसत्यात. तिसरा पट्टा बघा." हे तुकडे ठेवायला त्यांना एकच भांडं पसंत पडलं, ते म्हणजे स्वयंपाकघरातला मिसळणाचा डबा. सात वाट्या, सात प्रकार. आक्का, म्हणजे त्यांच्या मंडळी आणि माझ्या बायकोच्या थोरल्या बहीण, फोडणी टाकायला गेल्या आणि मोहरीच्या जागी डायोड नावाचे बारीक काळे तुकडे हाताला लागले, असं निदान दोनदा तरी घडलं. मग त्यांनी डब्यावरचा हक्क सोडला आणि मोहरी बरणीत गेली.

शाहूपुरीतल्या सुट्ट्या भागांच्या दुकानात ते शिरले की बाकीची गिऱ्हाइकं चहा प्यायला निघून जात. शंभर रेझिस्टर काउंटरवर ओतून घ्यायचे, पिशवीतून ते मोजायचा स्वतःचा मीटर काढायचा आणि एकेक मोजून त्यातले बारा निवडायचे. दुकानदार एकदा कंटाळून म्हणाला, "साहेब, भाजी निवडालाय का काय?" साडू मान वर न करता म्हणाले, "भाजी शिळी निघाली तर एक जेवान जातंय. ह्यो शिळा निघाला तर म्हयना जातोय त्यो हुडकण्यात." दुकानदाराने त्यांना स्टूल आणून दिलं. पुढे ते स्टूल त्यांच्याच नावाने ओळखलं जाऊ लागलं.

बिघाड शोधायची त्यांची तऱ्हा तर फौजदाराला शोभणारी. कुणाचा रेडिओ बंद पडला तर पहिला अर्धा तास ते रेडिओकडे बघतही नसत. आधी घरातली माणसं समोर बसवायची. शेवटचा कोणी लावला होता, त्या वेळी मिक्सर चालू होता का, कुणी वरून थापटी मारली का. आमच्या सासूबाईंनाही त्यांनी सोडलं नव्हतं. सासूबाईंनी रेडिओवर ओलं फडकं ठेवलं होतं, ते चौथ्या प्रश्नाला बाहेर आलं. "माणसं तपासली की मशीनचं निम्मं काम हुतंय," असं ते म्हणत. मग उरलेलं निम्मं. एकेक भाग तपासायचा, बरोबर निघाला की बाजूला. "काढत जायचं. शेवटाला उरंल त्यो चोर."

या सगळ्यात ते कुणावर शंका घेत नसतील तर त्या मीटरवर. काट्याचा जुना मीटर, काळा, वीटभर वजनाचा. आक्कांनी नातवासाठी विणलेलं लोकरीचं टोपरं लहान झालं, ते साडूंनी मीटरला घातलं. वापरायच्या आधी टोपरं काढायचं, त्याच्या दोन वायरींची टोकं जुळवून काटा शून्यावर आणायचा, मग काम. "माणूस खोटं बोलंल, ह्यो न्हाय." तो त्यांनी सख्ख्या भावालाही कधी दिला नाही. मी एकदा मागितला, घरातला एक सॉकेट तपासायला, आणि त्यांनी टोपऱ्यासकट माझ्या हातात ठेवला. "तुमच्याकडं द्याया भ्या न्हाय. तुम्ही जपून वागणारं माणूस."

मी घरी येऊन मीटरचं बटण रेझिस्टर मोजायच्या जागी तसंच ठेवलं आणि टोकं घरच्या विजेत खुपसली. फट् झालं, वास आला. मागचं झाकण उघडलं तर आतला एक रेझिस्टर जळून कोळसा झालेला. दोन लाल पट्टे कसेबसे कळत होते, तिसरा कळत नव्हता. साडूंनी मला शिकायला दिलेली रेझिस्टरची एक पुडी होती. त्यातून तसाच दिसणारा एक काढला, लावला, टोकं जुळवली. काटा शून्यावर आला. मी सुटलो, असं मला वाटलं. टोपरं घालून मीटर परत केला आणि काही बोललो नाही.

भारनियमनाचे दिवस होते. साडूंनी सगळ्या नातेवाइकांसाठी वीज गेली की आपोआप लागणारे छोटे पांढरे दिवे करायला घेतले होते. महिनाभराने रविवारी सकाळी गेलो तर असे सहा दिवे ओसरीत मांडलेले, आणि सगळे जेमतेम मिणमिणत होते. आक्का म्हणाल्या, "ह्यापेक्षा काजवा धरून आणला असता तर उजेड पडला असता." साडू हसले नाहीत. त्यांनी माझ्यापुढे बोटांवर मोजायला सुरुवात केली. "बॅटरी नवी. दिवं नवं. हिशोब तीनदा केला, शंभराचाच रेझिस्टर पायजे. मीटरवर शंभरच भरत्यात. पण मला पट्टा बघून हजार वाटतोय." मग नेहमीच्या सवयीने त्यांनी मलाही एक प्रश्न विचारला, फौजदारासारखा नाही, सहज. "मीटर तुमच्याकडं पडलाबिडला नव्हता न्हवं?"

"न्हाय," मी म्हणालो.

त्यावर त्यांनी एक रेझिस्टर उन्हात माझ्या डोळ्यांसमोर धरला. "बघा की. तिसरा पट्टा तुम्हाला लाल दिसालाय का तपकिरी?"

तो लाल होता, डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल. तो रेझिस्टर हजाराचाच होता, आणि माझ्या चुकीच्या तुकड्यामुळे मीटर त्याला शंभर म्हणत होता. हे मला त्याच क्षणी कळलं. तिसरा पट्टा न बघता तुकडा उचलला होता तो मी. एक वाक्य बोललो असतो तर दुपारपर्यंत सहाही दिवे लख्ख झाले असते. पण मी जपून वागणारं माणूस होतो ना.

"तपकिरी," मी म्हणालो.

त्यांनी तो तुकडा कितीतरी वेळ पुढे-मागे धरून पाहिला. शेवटी वाटीत ठेवला. "म्हंजे समदं बरोबर हाय," ते म्हणाले. "उरलो मी."

त्यानंतर त्यांनी काम बंद केलं. चिडले नाहीत, कुणाला दोष दिला नाही, चोर सापडल्यावर फाईल बंद करावी तसं केलं. पुढच्या खेपेला गेलो तर मिसळणाचा डबा घासूनपुसून ओट्यावर होता आणि त्यात पुन्हा मोहरी, हळद, जिरं. आक्कांना त्याचा आनंद व्हायला हवा होता, पण त्या म्हणाल्या, "घर कसं मुकं झालंय." टाकीवरची धून बंद पडली तीही कुणी दुरुस्त केली नाही. गल्लीत पाणी सांडू लागलं. निघताना साडूंनी टोपरं घातलेला मीटर माझ्या पिशवीत ठेवला. "तुमची नजर चांगली हाय. वापरा."

मी त्याच आठवड्यात मीटर नीट करून घेतला. मग सांगायला गेलो. एकदा पाहुणे बसले होते, एकदा ते झोपले होते, एकदा दोघंच होतो तर मी पावसापाण्यावर बोललो. शेवटचा गेलो तेव्हा त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. हिरवा चष्मा लावून ओसरीत बसले होते. म्हणाले, "डाक्टर म्हणतोय, मोतीबिंदू बारीक हुता, एवढ्यानं रंग चुकायचं न्हाईत. आता त्येला काय कळतंय. मीटर काय खोटं बोलतोय व्हय?" मीटर माझ्या पिशवीतच होता. मी म्हणालो, चहा घेऊया. पुढच्या दिवाळीच्या आत ते गेले.

मीटर माझ्या कपाटात आहे. टोपऱ्याला कसर लागू नये म्हणून बायको त्यात कडुलिंबाचा पाला ठेवते. तिलाही हे आज वाचूनच कळेल. अधूनमधून मी टोपरं काढतो, टोकं जुळवून काटा शून्यावर आणतो आणि पुडीतला एखादा तुकडा मोजून पाहतो. आकडा बरोबर येतो. आणि त्यांना सांगायचं म्हणून त्या ओसरीपर्यंत किती वेळा नेलेलं वाक्य तोंडात येतं.

साडू, पट्टा लालच होता. तुम्हाला बरोबर दिसत होतं.