एक पाना कमी

“मोजलं का?”

आमचे शेजारी कुणालाही भेटले की रामरामाच्या आधी हेच विचारायचे. बाहेर पडताना कुलूप तीनदा ओढून बघणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आमचे भाऊजी त्यांच्याही पुढचे. पलूसला आमची भिंतीला भिंत. तरणेपणी ते नौदलाच्या विमानतळावर मेकॅनिक होते, म्हणून गाव त्यांना नेव्हीवाले म्हणायचं. मी आपली भाऊजी म्हणायची.

मी पाच बायका हाताशी घेऊन लग्नांचा स्वयंपाक करते. भाऊजी पेन्शनीत आले, घरात करमेना, तर म्हणाले, तुमची भांडी मी सांभाळतो. आठ दिवसांत त्यांनी माझ्या शेडच्या भिंतीवर काळ्या रंगानं प्रत्येक झाऱ्याचा, पळीचा, ओगराळ्याचा आकार काढला. ज्याचा आकार, त्यानंच तिथं लटकायचं. विमानाची हत्यारं अशीच ठेवतात म्हणे. एक जागा मोकळी दिसली तरी विमान उडवायचं नाही.

त्या पाच जणींतली आमची शांता म्हणाली, “आवं भाऊजी, माझा बी आकार काढा की. काम झालं की मी बी हुबी ऱ्हाते तिथंच.”

त्यांनी तिच्याकडं खालून वर नीट बघितलं. “भिंत पुरायची न्हाई.”

महिनाभर आम्ही भाकऱ्या थापता थापता हसत होतो, शांता धरून.

मग तासगावकडचं ते लग्न. पंगती उठल्या, नवरी रडून रडून गाडीत बसली, आणि भाऊजी त्या फुलं लावलेल्या गाडीपुढं आडवे. का, तर एक ओगराळं कमी. नवऱ्याचा मामा तापला. म्हणाला, “आवं, नवरी न्यायची हाय, इमान न्हाई उडवायचं.”

वऱ्हाड हसलं. भाऊजींचा चेहरा मात्र असा झाला की मी हातातलं उलथणं खाली ठेवलं. त्यांनी गाडीची डिकी उघडायला लावली. आत घरच्या माणसांसाठी बांधून दिलेला बासुंदीचा मोठा डबा होता. झाकण काढलं आणि बाही वर न सारता कोपरापर्यंत हात आत घातला. तळाशी ओगराळं! शांतानं गडबडीत तसंच झाकण लावलं होतं. ते ठिबकतं ओगराळं वर आलं तशी नवरीसुद्धा रडता रडता हसायला लागली. मामाचा फेटा हसून हसून सुटला.

गाडी गेली. बघते तर हा माणूस पालथ्या पातेल्यावर बसून रडतोय. मुंग्या लागतील म्हणून मी ओल्या फडक्यानं त्यांचा हात पुसत होते, तेव्हा ते बोलले.

बांगलादेशच्या लढाईचे दिवस होते. पाणबुड्या हुडकणारं एक विमान आलं, तेल भरून लगेच परत जायचं होतं. भाऊजींच्या हत्यारांच्या पेटीत नटबोल्ट आवळायचे बारा पाने. काम झाल्यावर मोजले तर अकरा. साहेब घाई करत होता. एखादा वाळूत पडला असेल असं मनाशी म्हणून यांनी बारा लिहिले आणि सही केली. विमान तिघांना घेऊन समुद्रावर गेलं ते आलंच नाही. शत्रूनं पाडलं, की इंजिन बंद पडलं, की आणखी काही, कुणालाच कळलं नाही. पाना वाळूतही सापडला नाही.

तिघांतल्या एकाचं गाव कराडजवळचं. त्याची बायको अजून तिथं होती, पत्ता यांना पाठ.

“अकरा येळा गेलो, वहिनी. कराडच्या स्टँडवर च्या पितो आन् माघारी.”

बघा, हेही मोजलेलं. मी म्हटलं, बाराव्यांदा मी येते.

बाई ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. माझ्याहून थोरल्या, चणीनं एवढ्याशा. कोण, कुठले विचारायच्या आधीच त्यांनी आम्हांला बसा म्हटलं आणि सुनेला चहा सांगितला. भाऊजी मात्र उभेच, सावधान. सगळं एका दमात सांगितलं. पाना सांगितला, सही सांगितली, त्या अकरा खेपाही सांगितल्या.

“माझ्यामुळं पडलं का, ठावं न्हाई. पर सही खोटी केली म्या. तुमी काय बी बोला.”

बाईंचे हात थांबले. मला वाटलं, आता शेंगांची पाटी डोक्यात बसतीय, आणि ती माझ्याच, कारण जवळ मी होते.

“वर चढताना तुमी हुता तिथं?” बाईंनी विचारलं.

“शिडी म्याच धरल्याली.”

“काय म्हनलं का ते?”

नवरा गेल्याच्या तारेत असलं थोडंच येतं? इतक्या वर्षांत त्यांना हे सांगणारं कुणी भेटलंच नव्हतं. भाऊजी घुटमळले. मग म्हणाले, “त्यांनी खिशातनं मूठभर भडंग काढून माझ्या हातावर ठेवलं. म्हनले, घरचं हाय, पर बायकूनं मीठ लय घातलंय.”

बाई ताठ झाल्या. “मीठ? म्या? आवं, चिमूटभर घातल्यालं. त्यांच्या जिभंला कवाच चव नव्हती.”

आणि ज्या हसायला लागल्या! पदर तोंडात, डोळ्यांना धार, मांडीवरच्या शेंगा अंगणभर. सुनेला सांगितलं, कुंपणावरून शेजारणीला सांगितलं, मीठ जास्त म्हणत होते म्हणे. भांडण जणू सकाळचंच. मग भाऊजींकडं वळल्या.

“सही खोटी केली, वंगाळ केलं. पर हे त्यांचं बोलनं, माझं, घेऊन अकरा येळा स्टँडावरनं माघारी गेला व्हय? त्येचा राग हाय मला. बसा खाली.”

भाऊजी बसले. बाईंनी स्वतः चुलीपाशी जाऊन भडंग केलं, ताटली त्यांच्यापुढं ठेवली. “खावा. आन् खरं सांगा.”

आम्ही सगळ्या त्यांच्या तोंडाकडं बघत बसलो. भाऊजींनी सावकाश चावलं, गिळलं.

“उलीसं जास्त हाय,” म्हणाले.

बाईंनी त्यांच्या पाठीत असा धपाटा घातला की चुरमुरे उडाले.

भाऊजी गेल्या पावसाळ्यात गेले. भिंत तशीच आहे, पण मला ते आठवतात त्या दिवशीच्या एसटीतले. इंजिनाचा आवाज ऐकत टक्क जागा बसणारा माणूस, कराड सुटलं तसा मान टाकून झोपला, तोंड उघडं, मांडीवर भडंगाची पुडी. कंडक्टर म्हणाला, “आज्जी, पलूस आलं.”

मी म्हटलं, “जाऊ दे बाबा गाडी पुढं. झोपलेत.”