अक्काचा खुलासा

आधीच सांगतो, भूतबाधा, भानामती असलं काही मी कधीच मानलं नाही. लोणंदला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. मशीन बिघडलं की त्याला कारण असतं… आणि बहुतेक वेळा ते समोरच्या खुर्चीत बसलेलं असतं!

गेल्या मार्चमधली गोष्ट. दहिवडीकडच्या एका शाळेतून हेडक्लार्क जगतापचा फोन आला – ऑफिसचा पीसी अपडेट घेत नाही. मी लगेच हो म्हणालो. त्याच ऑफिसात माझी मोठी बहीण, नंदाअक्का, अठरा वर्षं क्लार्क होती. एका अपडेटनंतर तिथलं जुनं मराठी सॉफ्टवेअर बंद पडलं, सगळे दाखले वाचता येईनात, आणि जगतापनं खापर अक्कावर फोडलं. तिनं लेखी खुलासा दिला, तर हा म्हणाला, "मिळालाच न्हाई." नोकरी गेली, बदनामी झाली. अक्का माहेरी आली आणि झुरून झुरून वर्षाच्या आत गेली. तिचं सासरचं आडनाव वेगळं, त्यामुळं मी तिचा भाऊ हे जगतापला ठाऊक नव्हतं.

खोटं कशाला बोलू – मी दुरुस्तीला गेलोच नव्हतो. सगळा डेटा पुसायचा आणि जगतापला अडकवायचं, एवढंच डोक्यात होतं.

सकाळी सगळ्या डेटासकट जुनी डिस्क काढली, पाकीट फोडून कोरी डिस्क बसवली, सिस्टीम नव्यानं टाकली. लॉगिन एकच, 'ऑफिस'. अपडेट लावलं. पस्तीस टक्क्यांवर अडकलं आणि 'बदल मागे घेत आहोत' म्हणत रीस्टार्ट झालं. ड्रायव्हर बदलले, नेट बदललं… पुन्हा तेच.

तिसऱ्यांदा चालू झालं तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. मुख्याध्यापिका बाई शेजारीच उभ्या होत्या. स्क्रीनवर लॉगिन आलं – 'नंदा'.

"ह्ये कुठनं आलं? ते नाव मी कवाच काढलं व्हतं!" जगताप ओरडला.

मी कीबोर्डला हातही लावला नव्हता. पासवर्ड न मागता डेस्कटॉप आला. त्यावर एकच फाईल, 'खुलासा', आणि तीही आपोआप उघडली. जुना मराठी फॉन्ट मी टाकलाच नव्हता, तरी अक्षर न् अक्षर स्वच्छ. बाईंनी मोठ्यानं वाचलं – "अपडेट मी केलेले नाही. त्या दिवशी मी रजेवर होते. माझ्या नावाने लॉगिन करून ते जगताप साहेबांनी सुरू केले…"

जगतापनं खुर्ची घट्ट धरली. "व्हय, मीच दाबलं व्हतं बटन. खुलासा बी मीच उडवला. आवं बाई, पण बंद करा ते…"

बाईंनी आधी प्रिंट काढली. मग मशीन स्वतःच रीस्टार्ट झालं आणि अपडेट बिनतक्रार शंभर टक्के पूर्ण! डिस्क मी दोनदा तपासली. ना ते लॉगिन, ना ती फाईल. कोऱ्या डिस्कवर ते कुठून आलं, मला आजही सांगता येत नाही. तुमच्यापैकी कुणाला कळलं तर जरूर सांगा.

बाईंनी जगतापला ती प्रिंट घेऊन आमच्या आईकडे पाठवलं. त्यानं उंबऱ्याशी उभं राहून ती हळूच वाचली आणि हात जोडले. मी आईच्या मागेच उभा होतो. आईनं दार सताड उघडलं.

"हात नगं जोडू. आळीनं लय बोल लावलं माझ्या लेकीला. मोठ्यानं वाच."

त्यानं वाचलं. शेवटी शेवटी आवाज चिरकला. मला जरासुद्धा दया आली नाही.

"आता परत," आई म्हणाली.