रिव्हर्स नसलेली व्हॅन

नेरूळचं स्टेशन अजून कोरं होतं त्या दिवसांत माझा नवरा शाळेच्या मुलांची व्हॅन चालवायचा. वार्षिक परीक्षा सुरू असतानाच त्याचा गुडघा मोडला. मोटारसायकलवाल्याने उडवलं, असं त्याने मला सांगितलं. ऑपरेशन झालं, पायात सळई बसली, आणि तो तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या घरात अडकला. बिल्डिंगला लिफ्ट नव्हती.

लग्नाआधी मी हौसेने गाडी शिकले होते. त्या जूनपासून मात्र मला बी.एड. करायचं होतं, प्रवेशही मिळाला होता. पण शाळा उघडली आणि आमची व्हॅन आली नाही, तर पालक दुसरी बघणार हे उघड होतं. पाय बरा होईपर्यंत तू चालव, असं नवरा म्हणाला. मी बी.एड. पुढच्या वर्षावर ढकललं.

किल्ली देताना तो सहज म्हणाला, "रिव्हर्स पडत नाही हां. पुढे बघूनच घाल गाडी."

मला वाटलं, दोनचार दिवसांचा प्रश्न असेल. पण गिअरबॉक्स उतरवायचा विषय काढला की तो तोडून टाकायचा. मिस्त्री लोक उघडतात आणि भलतंच बिघडवून ठेवतात, मी समोर उभा राहू शकेन तेव्हाच बघू, तोवर कुणी हात लावायचा नाही.

मग माझं सगळं जगणं त्या एका गिअरभोवती फिरायला लागलं. ज्या रस्त्यातून दुसरीकडे बाहेर पडता येतं त्याच रस्त्यात शिरायचं. गाडी लावायची तीही अशी, की सकाळी नाक मोकळं असेल. बंद गल्लीतल्या मुलांना मी कोपऱ्यावर चालत यायला सांगितलं. त्यांच्या आयांना वाटलं, बाईला मिजास आहे. खरं कारण सांगायची सोय नव्हती. पुढे कुणी आडवी स्कूटर लावली की तिचा मालक शोधत दारोदार फिरायचे. घरी आल्यावर सुटका नव्हती, कारण नवरा बाल्कनीत खुर्ची टाकून बसलेला असायचा. वळणावर गिअरचा खरखराट झाला की तो त्याला वरपर्यंत ऐकू जायचा, आणि मी चपला काढायच्या आत विचारायचा, क्लच अर्धाच दाबलास ना? कधी वाटायचं, तो घरात कोंडलाय आणि मी गाडीत, आणि दोघांवर पहारा एकमेकांचाच आहे.

गणपतीच्या आसपास मोठा रस्ता पाइपलाइनसाठी खणला, म्हणून मला करावे गावातून जावं लागलं. गल्ली जेमतेम गाडीपुरती. मध्यावर आले आणि समोरून पाण्याचा टँकर आला. टँकरवाल्याने हाताने खूण केली, मागे घ्या. मी नुसती बसून राहिले. मागे पोरं दाटीवाटीने बसलेली, उकाडा मरणाचा. तो हॉर्न वाजवत राहिला, मग शिव्या द्यायला लागला. बालवाडीतली एक मुलगी रडायला लागली, तिचं बघून आणखी दोघंतिघं. शेवटी मी खाली उतरले आणि गाडीला रिव्हर्स नाही हे मोठ्याने सांगितलं. ओट्यावर मासळी निवडत बसलेल्या दोघी बायका हात पदराला पुसत आल्या. टँकरवाला आणि त्या, सगळ्यांनी मिळून गाडी गल्लीच्या तोंडापर्यंत मागे ढकलली. मी स्टिअरिंग धरून आत.

त्यातली म्हातारी खिडकीशी आली आणि हळू आवाजात म्हणाली, "बाय, गारी मागं जात नाय, न् तू दुसऱ्यांची पोरं घेऊन फिरतंस?"

टँकर गेला, आणि मी गाडी पहिल्या गिअरात टाकली.

दिवाळीची सुट्टी लागली तशी मी नवऱ्याला न विचारता व्हॅन शिरवण्याच्या एका गॅरेजात नेली. घरी येऊन सांगितलं, उद्या गिअरबॉक्स उतरवतायत. तो चिडेल असं वाटलं होतं. उलट तो दुसऱ्या दिवशी कुबड्या घेऊन, भिंतीला टेकत टेकत जिना उतरला आणि माझ्याबरोबर रिक्षात बसला.

आम्ही पोचलो तेव्हा गिअरबॉक्स फळीवर उघडा पडला होता. काळ्या तेलात मिस्त्रीने बोटं घातली आणि पितळेचा, लोखंडाचा चुरा अंगठ्यावर घेऊन दाखवला. रिव्हर्सच्या गरारीचे दात एका बाजूने उडाले होते, उरलेले घासून गोल झाले होते. त्याने नवऱ्याला विचारलं, कधीपासून आहे हे? नवऱ्याने खाली बघत सांगितलं, गेल्या थंडीपासून.

म्हणजे पाय मोडायच्या आधीपासून. मिस्त्री पार्ट आणायला गेला तेव्हा नवरा बोलला. मोटारसायकल नव्हतीच. उतारावर एका भिंतीसमोर गाडी लावली होती, निघताना रिव्हर्स पडेना. न्यूट्रल करून तो पुढून ढकलायला गेला आणि गाडी अंगावर आली. गुडघा बंपर आणि भिंतीच्या मध्ये. लोक येईपर्यंत तो तसाच उभा होता.

"सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर तू गाडीला हात लावला नसतास."

"नसताच लावला. पोरं असतात त्यात."

"तेच तर," तो म्हणाला.

मला रडू आलं नाही. मी बाहेर जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभी राहिले. राग होता, पण त्या भिंतीशी अडकलेला तोही डोळ्यांसमोरून हलेना, आणि त्यामुळे राग नीट करताही येईना.

नवी गरारी बसली, बेअरिंग बदललं, तेल भरलं. संध्याकाळी मिस्त्रीने किल्ली नवऱ्यापुढे धरली, ट्रायल मारून या म्हणाला. नवऱ्याने ती घेतली, थोडा वेळ हातात ठेवली आणि माझ्याकडे दिली. म्हणाला, "मला आता गाडी नाही जमणार. पायाचं नाही. भीती बसलीय."

मला कळलं की माझ्या बी.एड.चं ते पुढचं वर्ष आता येणार नाही. झालंही तसंच. पुढे तो तुर्भ्याला एका स्पेअर पार्टच्या दुकानात कामाला लागला आणि व्हॅन माझ्याकडेच राहिली. त्या बालवाडीच्या मुली मोठ्या होऊन कॉलेजात गेल्या, तरी मी चालवतच होते. गाडी उत्तम मागे जायची. बी.एड.चा विषय घरात कुणी काढला नाही, आणि मीही काढला नाही.