माइकवरचं बोलावणं

बोलावल्याशिवाय कुठेही न जाण्यात माझ्या बायकोच्या मामांचा हात धरणारा माणूस पाचूबंदरात काय, सबंध वसईत सापडणार नाही. खवळलेल्या दर्यात होडी घालताना त्यांनी आयुष्यात कुणाला विचारलं नसेल. पण स्वतःच्या घरात जेवायला बसायचं तर रीतसर बोलावणं लागतं. एकदा मामी कशावरून तरी रुसल्या आणि ताट वाढून गप्प बसल्या. आतून बोंबलाच्या कालवणाचा वास येतोय आणि मामा ओट्यावर फाटकं जाळं सांधत बसलेत. दुपार कलली तशी शेजारीण ओरडली, "अवो, जेवा की!" मामा म्हणाले, "तुजं नको. आतलं बोलावनं येऊ दे." आमच्या आचोळ्याच्या नव्या फ्लॅटला फादर आशीर्वाद द्यायला यायचे होते, तेव्हा बायकोने मामांना व्हॉट्सॲपवर निमंत्रण धाडलं. प्रार्थना झाली, केक कापला, मामांचा पत्ता नाही. मी खाली उतरलो तर हे गेटपाशी वॉचमनच्या खुर्चीवर बसून चहा पितायत. "मोबाइलवर तर बँकवाले पन बोलावतात," म्हणाले. मी हात धरून वर आणलं तेव्हा कुठे स्वारी खुलली.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं, पण मामांनी देवालाही सूट दिली नव्हती. फार वर्षांपूर्वी एका रविवारी मिस्सा चालू असताना मामांसह चारदोन पुरुष चर्चबाहेर बदामाच्या झाडाखाली मासळीच्या भावावर बोलत उभे होते. तेव्हाचे फादर तापट. ते वेदीवरून माइकमध्ये म्हणाले, "ज्यांना बाहेर गप्पा मारायच्या आहेत त्यांनी बाहेरच राहावं!" बाकीचे ओशाळून पुढच्या रविवारी मुकाट आत गेले. मामा मात्र दिलेला हुकूम पाळत राहिले. "माइकवरनं भायेर काडलं, माइकवरनंच आत बोलवावं," असं त्यांचं म्हणणं. त्या फादरांची बदली झाली, त्यांच्यामागून किती आले नि गेले, कुणाला या प्रकरणाचा गंधही नव्हता. मामी सांगायला निघाल्या की मामा अडवत, "सांगून आलेलं बोलावनं कसलं?" तरी एक रविवार चुकला नाही त्यांचा. झाडाखाली रुमाल पसरून गुडघे टेकत आणि आतल्यांपेक्षा मोठ्याने प्रार्थना म्हणत. पण फादरांपुढे पापं कबूल करायचं कन्फेशन नाही की वेदीपाशी प्रसाद घ्यायचं कम्युनियन नाही. आत मामी आपल्या शेजारी बाकावर पर्स ठेवून जागा अडवत. नाताळच्या गर्दीतही ती पर्स हलत नसे.

यंदा उपवासकाळात मामांच्या छातीत कळा आल्या. ईस्टरनंतर बायपास करायचं ठरलं. मामी देवाला मनवत होत्या की मामांना, कळेनासं झालं. "डाक्टर काय ते करतील," त्या मला म्हणाल्या, "पन हे मन साफ न करता टेबलावर गेले तर मी कुनाच्या तोंडाकडे बगू?" खरं सांगायचं तर मीही घाबरलो होतो.

ईस्टरआधी आजूबाजूच्या चर्चचे फादर एका संध्याकाळी मामांच्या चर्चमध्ये कन्फेशन ऐकायला जमतात. रांगा मोठ्या, म्हणून खुर्च्या जागा मिळेल तिथे मांडतात. त्या दिवशी एक म्हातारे फादर खुर्ची शोधत बाहेर आले. मामांनी अगत्याने खुर्ची आणली आणि सावली चांगली म्हणून नेमकी स्वतःच्या बदामाखाली मांडली. मागोमाग माणसं येऊन उभी राहिली आणि मामांच्या लक्षात आलं की आपण रांगेत पहिले आहोत! मग सुरू झालं, "तुमी व्हा फुडे," "तुमी व्हा." मामांसोबत आलेल्या मलाही पुढे ढकललं. माझं उरकून मी पायरीवर बसून राहिलो. हळूहळू सगळी रांग सरली. फादर उठले नाहीत.

"आता कोण राहिलं?" त्यांनी विचारलं.

"कोन नाय फादर. सगले झाले."

"आणि तुम्ही?"

"मला कुटं कुनी बोलावलंय?" म्हणत मामांनी माइकची अथपासून इतिपर्यंत कहाणी ऐकवली. फादरांनी ती शेवटपर्यंत ऐकली, हसले नाहीत. मग मनोऱ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "मग दर रविवारी ती घंटा कुणाला बोलावते? पापलेटांना?"

मामा वर बघत राहिले. "ती तर सगल्यांसाटी असते."

"सगळ्यांत तुम्ही नाही का?" फादर खुर्चीत नीट सरकून बसले. "घाई नाही. मी बसलोय."

मामांनी खिशातून रुमाल काढला, झटकला आणि खुर्चीजवळ पसरला. पुढचं ऐकायचं नव्हतं, म्हणून मी उठून लांब गेलो. बऱ्याच वेळाने वळून पाहिलं तर त्याच रुमालाने ते डोळे पुसत होते. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला.

ऑपरेशन छान पार पडलं, हे सांगून टाकतो. मामा आता ओट्यावर बसून अळणी जेवणाच्या बोलावण्याची वाट बघतात. पण मला आठवते ती ऑपरेशनआधीची ईस्टरची मिस्सा. घंटा झाली, मामा बदाम ओलांडून दारापर्यंत आले आणि तिथे सवयीने थबकले. मामींनी मागे वळून पाहिलं. आणि बाकावरची पर्स उचलून मांडीवर घेतली.